दुसरीतल्या मुलीला शाळेत पाठवावं का? घरात डायलिसिसवर आजी आहेत

सुरंगी (१८ नोव्हेंबर २०२१)

सोमवारपासून, म्हणजे २२ तारखेपासून, कोविडमुळे बंद असलेले पहिली ते आठवीचे वर्ग भरणार. नववी ते बारावीचे १८ ऑक्टोबरपासून भरतायतच. शाळेतून संमतीपत्र आलंय, शनिवारपर्यंत सही करून द्यायचंय. तो कागद फ्रीजवर चिकटवून ठेवलाय आणि येताजाता सगळे त्याच्याकडे बघून पुढे जातात. सही करायला कोणी तयार नाही.

घरची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे नंतर प्रश्न नकोत. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ, म्हार्दोळच्या बाजूला. नवरा कुंडईला कारखान्यात, शिफ्ट ड्युटी, कंपनीच्या बसने येणं-जाणं. मी घरी शिवणकाम करते. मुलगा आठवीत, फोंड्याला हायस्कुलात. मुलगी दुसरीत, गावातल्याच मराठी प्राथमिक शाळेत. सासूबाई ६८ वर्षांच्या, डायबेटिस जुना, आता किडनीचं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेत, पण अशा पेशंटमध्ये लशीचा जोर कमी पडतो असं आम्हाला सांगितलंय.

माझं मत असं की मुलाला पाठवावं. आठवी आहे, पुढे नववी-दहावी, आणि बीजगणित ऑनलाइन त्याच्या डोक्यात शिरत नाही. मुलीला या वर्षी घरीच ठेवावं. दुसरीत असं काय बुडणार आहे? मी घेतेच तिचा अभ्यास. लहान पोरं मास्क धड घालत नाहीत, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, आणि घरी आली की पहिली उडी आजीच्या मांडीवर. नवरा म्हणतो, पाठवायचं तर दोघांना, नाहीतर कोणालाच नको. सासूबाईंना अजून कोणी विचारलेलं नाही.

तरी एक गोष्ट खटकते. ही जून २०२० ला पहिलीत गेली. म्हणजे प्राथमिक शाळेत तिचं पाऊल अजून पडलेलंच नाही, तिची शाळा म्हणजे माझा मोबाइल. परवा तुळशीच्या लग्नाला वाड्यावरची पोरं आमच्या अंगणात जमली होती. शाळा-शाळा खेळायला बसली, ही बाई झाली. आम्ही बाई झालो की आधी हातात काठी घ्यायचो. हिचं पहिलं वाक्य, "सगळ्यांनी म्यूट करा." दुसरं, "माझा आवाज येतोय?" आणि सगळी पोरं एका सुरात, "येतोय बाई!" मोठी माणसं हसून हसून बेजार. माझ्या मात्र लक्षात आलं की तिच्या त्या शाळेत फळा नव्हता, बाक नव्हते, शेजारी बसणारं कोणी नव्हतं.

ज्यांनी ठरवलंय त्यांनी कसं ठरवलं ते सांगा. उपदेश पण चालेल, फक्त "आईच्या मनाला विचारा" नको. ते विचारून झालंय.

घुमट

कॅसिनो सप्टेंबरात उघडले. नरकासुराच्या रात्री आमच्या वाड्यावर पहाटेपर्यंत पोरं, एकाच्या तोंडाला मास्क नाही. तुमची मुलगी ज्या आठवड्यात शाळेत जाणार त्याच आठवड्यात पणजीत इफ्फी, तो चित्रपट महोत्सव, २० ते २८. सगळं उघडून झालं आणि शेवटी कोणाला तरी आठवलं, अरे, शाळा म्हणून पण काही असतं.

तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, ठाऊक आहे. पण वैताग कुठेतरी काढावाच लागतो.

अबोली

मी वेगळं लिहिणार आहे. पाठवू नका.

मे महिन्यात आमचे बाबा गेले. ते दिवस इथे कोणाला सांगायला नकोत. पंधरा लाखांचं राज्य, काही दिवशी सत्तरच्या वर माणसं गेली, टेस्ट केलेल्या दोघांतला जवळजवळ एक पॉझिटिव्ह. आमच्या घरात ताप पहिल्यांदा आला तो माझ्या भाच्याला, सहा वर्षांचा. एक दिवस कणकण, दुसऱ्या दिवशी अंगणात सायकल. मग आई, मग बाबा. बाबांना खाट मिळेपर्यंत भाड्याने आणलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर घरी ठेवलं होतं, त्यात १६ तारखेला तौक्ते वादळ आलं आणि वीज गेली. पुढचं लिहीत नाही.

भाच्याला कोणी काही बोललेलं नाही, बोलणारही नाही. पण अजून काही वर्षांनी तो स्वतःच हिशोब मांडेल, कोणाला आधी ताप आला होता तो. तुमच्या मुलीवर ती वेळ आणू नका. दुसरीचा अभ्यास नंतर भरून काढता येतो.

सुरंगी

अबोली, काय लिहू समजत नाही. माझ्या मनातली भीती नेमकी हीच आहे.

म्हादईकाठ

आम्ही वाळपईच्याही आत. "ऑनलाइन शाळा" हे शब्द बातम्यांत ऐकतो. गावात रेंज नाही. डोंगरावर एका ठिकाणी दोन कांड्या येतात, तिथे मोठी मुलं छत्र्या घेऊन बसतात. पावसात जळवा. लहान मुलांना तिथे कोण पाठवणार? बाई व्हॉट्सअॅपवर गृहपाठ टाकायच्या, तो मी वाळपईला कामाला गेलो की उतरायचा, रात्री वहीत लिहून मुलापुढे ठेवायचा. २३ जुलैला म्हादईचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्या वह्याही गेल्या.

आमचं संमतीपत्र मिळालं त्याच संध्याकाळी सही करून दिलं. घरात म्हातारी माणसं आमच्याकडेही आहेत. पण आमच्याकडे "घरी राहून शिकेल" हा पर्यायच नाही, नुसतं "घरी राहील" एवढाच आहे.

पाटीपेन्सिल

पेडणे तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत आहे. एकशिक्षकी शाळा, चारही वर्ग एका खोलीत, सगळी मिळून अकरा मुलं.

अबोलीताई, तुमच्या दुःखापुढे काही बोलण्याची माझी लायकी नाही. पण "दुसरीचा अभ्यास नंतर भरून काढता येतो" याबद्दल बोलायलाच हवं, कारण हे वाक्य मी सगळ्यांकडून ऐकते. आठवीचा अभ्यास भरून काढता येतो, कारण आठवीच्या मुलाला वाचता येतं. पहिली-दुसरीत मूल वाचायलाच शिकत असतं. ते शिकवणं फोनवरून जवळपास होत नाही. मी ओरडून ओरडून पाहिलंय.

जून २०२० मध्ये पहिलीत आलेल्या माझ्या मुलांकडे मी वर्कशीट घेऊन घरोघर जायचे, तेव्हा एक गोष्ट सारखी दिसायची. क ओळखतात, म ओळखतात, ळ ओळखतात. "कमळ" वाचत नाहीत. चित्र दिसलं की लगेच "कमळ!" म्हणतात. धडा घडाघडा म्हणून दाखवतात, आईला वाटतं किती छान वाचतंय. व्हिडिओ ऐकून पाठ झालेला असतो. वर्गात मी मुलाच्या बोटाकडे बघते, बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्या, की मला कळतं. फोनवर बोट दिसत नाही.

अझीम प्रेमजी फाउंडेशनने या वर्षाच्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या सरकारी शाळांत १६ हजारांवर मुलांची पाहणी केली होती. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं हरवून बसली होती. गोवा त्या पाच राज्यांत नव्हता, आणि ती दुसरी ते सहावीची मुलं होती, म्हणजे ज्यांना आधी थोडंफार येत होतं अशी. तुमची मुलगी तर शून्यापासून फोनवर शिकलेली.

सुरंगीताई, सही करण्याआधी एवढं करा. पहिलीचं पुस्तक घ्या, दुसरीचं नको. मधलं कुठलंही पान उघडा, चित्रावर हात ठेवा आणि पहिली ओळ सोडून तिसऱ्या ओळीपासून वाचायला सांगा. जे दिसेल ते इथे लिहू नका हवं तर, पण बघा.

दोडामार्गकर

सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला अनुभव. आमच्याकडे गावांतले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून सुरू आहेत. सर्दीपडसं भरपूर झालं, घबराट भरपूर झाली, शाळा बंद ठेवावी असं काही आमच्या गावात झालं नाही. पहिली ते चौथी अजून बंदच. लहानांना सगळ्यात शेवटी, हा क्रम कोणी लावला कोण जाणे.

तर्कट

स्वीडनमध्ये प्राथमिक शाळा एक दिवस बंद नव्हत्या. आपण घाबरट आहोत, बाकी काही नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी

*(पुढचा मजकूर संपादित. संपादक)*

घुमट

कुठे स्वीडन कुठे सावईवेरें. तिथे वर्गात किती मुलं, इथे बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, किती, मोजलंय का कधी?

तर्कट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक

लस, निवडणूक आणि स्वीडन यांच्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे एका आईने घरगुती प्रश्न विचारलाय, त्यावर बोलू या.

स्टेथो

बालरोगतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत नाही. जे माहीत आहे ते सांगतो आणि नंतर मलाच काही विचारायचं आहे.

मुलांना हा आजार बहुतेक वेळा सौम्य होतो. "तिसरी लाट मुलांवर" हे जे मे-जूनमध्ये फिरत होतं, त्याला तेव्हाच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, आधार नाही म्हणून सांगितलं होतं. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या जून-जुलैच्या चौथ्या सिरो सर्व्हेत, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, सहा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे शाळा बंद असतानाच विषाणू त्यांना भेटून गेलाय. त्याच वेळी आयसीएमआरच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की उघडायच्याच तर प्राथमिक शाळा आधी उघडा. आपण सगळीकडे उलटं केलं, दहावी-बारावी आधी. परीक्षा असते ना.

मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवायची गोष्ट एकच, एमआयएस-सी, म्हणजे कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना येणारी सूज. विरळा आहे, पण गंभीर. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी तीन दिवसांहून जास्त ताप, त्यासोबत अंगावर लाल चट्टे, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या यातलं काही दिसलं तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबायचं नाही. वेळेत आलेली बहुतेक मुलं बरी होतात.

मुलांपासून मोठ्यांना लागण होतेच. अबोलीताईंनी जे लिहिलंय ते खोडून काढणारा कुठलाही कागद माझ्याकडे नाही.

आता माझे प्रश्न. मुलीच्या वर्गात किती मुलं? खिडक्या कशा? मुलगा कशाने जातो? यजमानांची बस एसी आहे का, जेवण कुठे होतं? आणि सासूबाईंसोबत डायलिसिसला कोण जातं, त्या खोलीत किती खुर्च्या?

सुरंगी

मुलीची पहिली-दुसरी एका खोलीत, दोन्ही वर्गांची मिळून नऊ मुलं. कौलारू जुनी इमारत, दोन्ही बाजूंना खिडक्या, बाहेर पडवी. चालत पाच मिनिटं. मुलाच्या वर्गात ४८, एकाआड एक दिवस निम्मी बोलवणार म्हणतात. जातो बालरथाने, आणि बालरथ सगळ्या वर्गांना मिळून एकच, तो काही निम्मा होणार नाही. नवऱ्याची बस एसी, काचा उघडत नाहीत, सीट सगळ्या भरलेल्या. जेवण कँटीनला. डायलिसिसला मी जाते सोबत, मी बाहेर थांबते, आत सहा खुर्च्या, पडदे, एसी.

स्टेथो

मग तुमच्याच उत्तरांवरून क्रम लावा. हा आजार मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो. टेबल पुसण्याने आणि कपाळावर ती ताप मोजायची बंदूक धरण्याने फारसं काही होत नाही, ते दाखवायला बरं असतं. सगळ्यात जास्त धोका कुठे? काचा बंद असलेली बस आणि मास्क काढून पन्नास माणसं जेवतात ते कँटीन, रोज. मग डायलिसिसची खोली, आठवड्यातून दोनदा, आणि तिथे तर खुद्द आजीच बसलेल्या असतात. मग बालरथ. मग हायस्कूलचा वर्ग. आणि सगळ्यात शेवटी दोन्हीकडून वारा येणाऱ्या खोलीतली नऊ पोरं.

तुम्ही बरोबर उलट्या टोकाने सुरुवात केलीय. असं सगळेच करतात. नवऱ्याची ड्युटी बंद करता येत नाही, डायलिसिस बंद करता येत नाही, मुलीची शाळा तेवढी बंद ठेवता येते. म्हणून ती ठेवतो आणि आपण काळजी घेतली असं वाटतं.

पाऊस संपलाय हेही धरा. जुलैत झडीमुळे खिडक्या लावून घ्याव्या लागल्या असत्या, तेव्हा मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

पाटीपेन्सिल

डॉक्टर, तुमचा क्रम छापून आमच्या खात्याला पाठवावासा वाटतोय.

अवांतर: दुपारच्या आहाराबद्दल इथे कोणीच बोललं नाही. आमच्याकडे स्वयंसाहाय्य गटाच्या बायका पाव-भाजी करून आणायच्या. शाळा बंद झाल्यावर मुलांना कोरडा शिधा मिळाला, त्या बायकांचा रोजगार मात्र बुडाला. माझ्या अकरांपैकी काहींच्या घरी आई-बाप दोघं कामावर, दिवसभर मुलं एकटी. शाळेत निदान कोणाचं तरी लक्ष असतं.

अबोली

डॉक्टर, तुमचं गणित पटतं. तरी माझा हात त्या कागदावर सही करायला उठणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, काय करू?

स्टेथो

काही करू नका. तुमच्या घरात मूल शाळेत पाठवायचं की नाही हे सांगायला मी आलेलो नाही.

सुरंगी (२० नोव्हेंबर २०२१)

पाटीपेन्सिल बाईंनी सांगितलेली परीक्षा घेतली. लिहू नका म्हणाल्या होत्या, तरी लिहिते. चित्र उघडं होतं तेव्हा धडा फाडफाड. चित्र झाकलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, तर आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग म्हणाली, "आई, व्हिडिओ लाव ना, मग येतं." मुलगा बाजूला बसला होता, तो हसायला लागला, त्याला पिटाळलं. मी रोज समोर बसून अभ्यास घेत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, कारण मी मशीनवर आणि ती खाटेवर, आवाज कानावर पडायचा तेवढाच.

मग सासूबाईंना विचारलं. त्यांचं उत्तर: "म्हाका आतां विचारतात? हांव आठवड्याक दोन फावट हॉस्पिटलांत वतां, तेन्ना कोणें विचारलें?" आणि मग नवऱ्याला, त्या बसमध्ये नाकाखाली मास्क लावून झोपतोस ते मला माहीत नाही असं समजू नकोस म्हणून. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर ठरलं ते असं. मुलगी सोमवारपासून जाणार. मुलगा नाताळच्या सुट्टीपर्यंत ऑनलाइनच, बीजगणितासाठी शेजारच्या गावातल्या एका सरांकडे पडवीत शिकवणी, तिघंच मुलं. तो रुसलाय. नवरा बसमध्ये एन-९५ लावणार आणि डबा घरून नेऊन बाहेर झाडाखाली खाणार. मुलगी घरी आल्यावर हातपाय धुऊन आजीकडे, पण खोलीत नाही, अंगणात किंवा पडवीत. मांडीवर बसायला बंदी घालून पाहिली, ती टिकणार नाही हे दिसतंय.

घुमट

आजींना इथे सदस्य करून घ्या. धाग्याला वजन येईल.

अबोली

एन-९५ नाकाच्या पट्टीवर दाबून बसवायला सांगा, खालून हवा जाते. घरात ऑक्सिमीटर ठेवा. सेल बदललेले असू देत. आजींचा ऑक्सिजनचा आकडा बरं असतानाच रोज लिहून ठेवा, म्हणजे उतरला तर कळेल. आम्हाला आधीचा आकडाच माहीत नव्हता.

पहिल्या दिवशी काय झालं ते लिहा.

सुरंगी (१० डिसेंबर २०२१)

उशिरा लिहितेय, लग्नाचे ब्लाऊज.

पहिल्या दिवशी घरी आली आणि पहिलं वाक्य, "आई, बाई केवढ्या मोठ्या आहेत!" मला आधी कळेचना. दीड वर्ष बाईंना तिने फोनच्या चौकटीत, तळहाताएवढ्या बघितलेलं. उंची बघून हबकली. दुसरं वाक्य, "आणि त्या मागे पण येतात." म्हणजे वर्गात फिरतात, पाठीमागून वही बघतात. हे तिला अजिबात आवडलेलं नाही.

बाकी नेहमीचं. खोडरबर रोज हरवतं. एक मैत्रीण झाली, तिच्याशी भांडण झालं, पुन्हा झाली. मध्ये सर्दी-ताप येऊन गेला, तेव्हा मात्र घरात कोणी कोणाशी बोलेना. टेस्ट निगेटिव्ह आली, पण रिपोर्ट येईपर्यंत सासूबाईंची खोली वेगळी आणि मी मधल्या दारात. अबोली, आकडा रोज लिहितो. ९६-९७ असतो.

म्हादईकाठ (४ जानेवारी २०२२)

धागा वर काढतो. आजपासून पुन्हा बंद, २६ तारखेपर्यंत. ओमिक्रॉन. कालच पंधरा ते अठराच्या मुलांची लस सुरू झाली, म्हणजे मोठ्यांना लशीसाठी तरी शाळेत बोलावतील. आमचा परत डोंगराकडे बघत बसलाय. महिनाभर गेला शाळेत, बाराखडी सुरू झाली होती.

घुमट

आणि विधानसभेची निवडणूक १४ फेब्रुवारीला! पोरांनी घरी बसायचं आणि प्रचाराला दारात येणाऱ्या घोळक्याने त्यांच्या गालांना हात लावायचा. मतदानाच्या दिवशी शाळा मात्र उघडी असेल, बूथ असतो ना.

पाटीपेन्सिल

आम्हाला इलेक्शन ड्युटी लागलीच आहे. मुलांना पुन्हा वर्कशीट वाटतेय. या खेपेला एक बदल केलाय, पान भरून आणायला सांगत नाही. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि घरच्या कोणीतरी बोट शब्दावर आहे का ते बघायचं, एवढंच. ज्या आई-बाबांना वाचता येत नाही तेही बोट बघू शकतात.

सुरंगी (फेब्रुवारी २०२२)

जानेवारीत आमच्या घरी सगळ्यांना झाला. आधी मला घसा, मग नवरा, मग मुलं, शेवटी सासूबाई. शाळा तेव्हा बंदच होती. कोणी आणला ते माहीत नाही, शोधायचं नाही असं आम्ही ठरवलं. सासूबाईंना ऑक्सिजन उतरल्यावर लगेच नेलं, काही दिवस ठेवलं, आता घरी आहेत, डायलिसिस चालू आहे, बूस्टर राहिलाय. लिहिलेल्या आकड्यांचा उपयोग झाला. अबोली, हे तुझ्यामुळे.

२१ तारखेपासून शाळा परत भरतेय. मुलगी जाणारच, दप्तर भरून बसलीय. आता प्रश्न मुलाचा. आता त्यालाच जायचं नाही! नोव्हेंबरात मला पाठव म्हणून रुसणारा हाच. कॅमेरा बंद ठेवून खाटेवर पडून हजेरी लावायची सवय झालीय. मध्यंतरी आवाज फुटला, उंची वाढली, मिसरूड फुटतंय, आणि म्हणतो, मुलं हसतील. वर्गातल्या अर्ध्या मुलांची नावं त्याला आठवत नाहीत. ओरडून झालं, समजावून झालं. पाटीपेन्सिल बाई, डॉक्टर, कोणीतरी सांगा.

स्टेथो

हसणाऱ्यांचेही आवाज फुटलेत, हे त्याला पहिल्या तासाला कळेल. झोपायची वेळ आत्तापासून मागे आणा, तेच सगळ्यात जास्त अडतं. दहा-अकराला उठणारा मुलगा एकदम पहाटे बालरथासाठी उठला तर आठवडाभर डोकं दुखतं म्हणून घरी बसेल, आणि तुम्हाला वाटेल पुन्हा कोविड.

पाटीपेन्सिल

हायस्कूलचा मला अनुभव नाही, पण माझ्या चौथीतून गेलेली मुलं भेटतात. त्या शिकवणीतल्या दोघांपैकी कोणी त्याच्या वर्गात आहे का? असेल तर पहिल्या दिवशी दोघांनी एकत्र जावं. तोवर एखाद्या संध्याकाळी त्याला सोडा मैदानावर, फुटबॉल असेल तर उत्तम. वर्गाआधी मैदानात भेट झाली की निम्मं काम होतं. "अभ्यास बुडेल" म्हणू नका, त्याला ते ठाऊक आहे.

मुलीचं काय? वाचन कुठवर आलं?

सुरंगी

शिकवणीतला एक आहे त्याच्या वर्गात, आजच त्याच्या आईला फोन करते.

मुलगी जोडाक्षरांवर आली. "चक्र" आणि "सूर्य" दोन्हीकडे अडते, र नक्की कुठे आहे म्हणून शोधत बसते. "पर्वरी" मात्र एका दमात वाचते. बसच्या पाटीवर असतं ना.

घुमट

मग "कुर्टी" पण येईल. तुमच्याच स्टॉपवरून जाते ती बस.